हाताने बोलणारी गल्ली

डॉक्टर भूमय्यांनी माझ्या मुलीच्या तोंडासमोर टाळी वाजवली, मुलीने डोळे वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा. ऐकू येतंय की!"

"डॉक्टरसाहेब, नाकासमोर हात हलवल्यावर कोणीही बघेल. मागून वाजवा."

"अम्मा, डॉक्टर तुम्ही की मी?"

आमच्या सिरसिल्ला गावात हा प्रश्न ज्याला विचारला जातो त्याने मुकाट्याने पिशवी उचलून बाहेर पडायचं असतं. मी बसून राहिले. शेवटी डॉक्टर उठले. उठताना त्यांची खुर्ची सरकली, त्यांची सावली समोरच्या भिंतीवर चढली, आणि हा पांढऱ्या डगल्यातला माणूस आपल्या मागे कशाला चाललाय म्हणून माझी वेन्नेला आधीच मान वळवून बसली. डॉक्टरांनी टाळी वाजवली. "झालं समाधान?" म्हणाले, आणि टॉनिक लिहून दिलं. तेच लाल टॉनिक, जे ते जुलाबालाही देतात आणि माझ्या सासूच्या गुडघ्यांनाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

टॉनिक मी घेतलं. न घ्यावं तर घरात जन्मभर ऐकावं लागलं असतं की डॉक्टरने औषध दिलं होतं, हिनेच पोरीला पाजलं नाही.

वेन्नेला तिसऱ्या वर्षात होती आणि तिच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. अम्मा नाही, नान्ना नाही, पाणी नाही. हे वाचून तुम्ही म्हणाल, बाई, इतके दिवस तू झोपली होतीस का? झोपले नव्हते. पण आमची गल्ली तुम्हाला माहीत नाही.

आमच्या गल्लीत घरं कमी आणि माग जास्त. पुढच्या शेडमध्ये यंत्रमाग, मागच्या खोलीत आम्ही, मध्ये एक वीट जाडीची भिंत. माझा नवरा तिरुपती त्या शेडमध्ये माग चालवतो, मी भिंतीच्या अलीकडे मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. दिवसभर आणि अर्धी रात्र असा खडखडाट, की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी निम्मंच पोचतं. म्हणून आमच्याकडे घसा कोणी फुकट घालवत नाही. अंगठा ओठाला लावला की चहा. मिशीवरून बोट फिरवलं की मालक आला, मालकाला मिशी नसली तरी. दोन बोटं जुळवून झटकन सोडवली की धागा तुटला. बाकीचं ओठांवरून कळतं. लग्न होऊन आले तेव्हा सासू काय सांगते तेच मला कळायचं नाही. आता आम्ही दोघी भांडतोसुद्धा हाताने, आणि शेजारणी उंबऱ्यात उभ्या राहून मजा बघतात.

वेन्नेला त्यात वाढली. चालायला लागली तशी अंगठा दिसला की पेला घेऊन पळायची. बापाने दारातून मूठ वर करून उघडली की धावत जाऊन त्याच्या गुडघ्याला मिठी मारायची. वेन्नेला म्हणजे चांदणं, म्हणून त्याने तिची ती खूण केली होती. बतुकम्माच्या सणाला बायकांच्या फेरात उभी केली तर आमच्यापेक्षा नेमकी टाळी द्यायची. सगळी गल्ली म्हणायची, काय गुणी पोर आहे! रडणं नाही, किरकिर नाही, हट्ट नाही.

"मुलीच्या जातीने कमी बोललेलं बरं," माझी सासू म्हणायची. आम्ही तिला अत्तम्मा म्हणतो. "तुझी जीभ आहे की तुम्हा दोघींना पुरेल एवढी."

आणि मीही हसायचे.

मग मजुरीसाठी संप झाला. सगळ्या गावाचे माग थांबले. पहिल्या दिवशी त्या शांततेने माझंच डोकं दुखलं. दुसऱ्या दिवसापासून गल्लीला तोंड फुटलं. बाप्ये पारावर बसून बोलायला लागले, बायका भिंतीवरून बोलायला लागल्या, लग्नघरासारखा कलकलाट. आणि हात सगळ्यांचे गप्प झाले. आता हाताने कशाला बोलायचं?

माझी पोर त्या आठवड्यात हरवली. माझ्याकडे यायची, माझ्या हातांकडे बघत उभी राहायची. मग अत्तम्माकडे जायची, तिच्या हातांकडे बघायची. कोणी हसलं की त्याच्या तोंडाकडे बघून हसायची, पण मागाहून. झोपही उडाली होती तिची. सगळे म्हणाले, उन्हाळा आहे.

एका दुपारी ती बाजेवर पाठमोरी बसून तेंदूची पानं एकावर एक रचत होती. मांजराने फळीवरून पितळी हंडा पाडला. अत्तम्मा झोपेतून "राजन्ना देवा, वाचव रे!" म्हणून उठून बसली. माझ्या मांडीवरचं सूप सांडलं. वेन्नेलाने पुढचं पान उचललं, सारखं केलं, आणि रचलं.

मी मागून हाक मारली. मोठ्याने मारली. मग ओरडले. अत्तम्मा माझ्याकडे बघत होती, मी वेन्नेलाच्या पाठीकडे.

तिरुपतीला सांगितलं तर तो चिडला. "काहीतरी काढू नकोस. मी दारातून हाक मारली की येते का नाही धावत?"

"हात वर करता म्हणून येते."

"मग मांजराला घाबरत नसेल. शूर आहे माझी पोर."

संप मिटला. माग सुरू झाले, हात सुरू झाले, आणि वेन्नेला परत पहिल्यासारखी चुणचुणीत झाली. सगळे मला म्हणाले, बघ, उगाच घाबरलीस. एकट्या मला माहीत होतं की पोर बरी झालेली नाही, गल्ली परत बहिरी झाली आहे.

भूमय्यांच्या टॉनिकची बाटली संपली तशी मी वेन्नेलाला घेऊन करीमनगरच्या मोठ्या इस्पितळात गेले. तिथले कानाचे डॉक्टर तरुण होते, घाईत होते, आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांना सगळं कळायचं. त्यांनी टेबलावर थाप मारली. वेन्नेलाचा हात टेबलावर होता. ती दचकली.

"ऐकलं."

"ऐकलं नाही, साहेब. हाताला लागलं तिच्या. मागाच्या गल्लीतलं पोर आहे, जमीन हलली तरी तिला कळतं."

"बरं, उचलून घ्या तिला."

मी कडेवर घेतलं. त्यांनी पाठीमागून लोखंडी ट्रे खाली टाकला. तो आवाज होताच मी दचकले, आणि मी दचकले म्हणून वेन्नेलाने माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिथून मागे. मला स्वतःलाच चार थपडा माराव्यात असं वाटलं.

"अम्मा, मूल हुशार आहे, सगळं कळतंय. काही मुलं उशिरा बोलतात. घरात तिच्याशी जास्त बोलत जा. तुम्ही बायका फोनवर असता दिवसभर."

"माझे दोन्ही हात विड्यांत असतात, साहेब. फोन काय पायाने धरू?"

बाहेरच्या रांगेतलं कोणीतरी हसलं. डॉक्टरांना ते आवडलं नाही, पण माझ्यापासून सुटका व्हावी म्हणून त्यांनी मला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे कान तपासणारी मुलगी होती, पद्मजा नावाची, वयाने माझ्याएवढीच. माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारी ती पहिली.

"जाग्या मुलाचा भरवसा नाही," ती म्हणाली. "सावली बघतात, चेहरा बघतात. झोपेत तपासायला हवं. डोक्याला वायरी लावायच्या, कानात आवाज सोडायचा, मेंदूपर्यंत पोचतो की नाही ते यंत्र दाखवतं. पण गाढ झोप पाहिजे, अक्का. हललेलंही चालत नाही."

"आणि नाहीच ऐकू येत असं निघालं तर?"

"तर यंत्र लावता येतं, पुढे ऑपरेशनही असतं. पण वेळेत. बोलणं शिकायचं वय असतं, ते एकदा निघून गेलं की कानात काहीही बसवा, शब्द येणं कठीण. हिचं ते वय चाललंय. आता उशीर करू नका."

उशीर मी करत होते की काय! पण तिच्यावर राग धरण्यात अर्थ नव्हता. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट दिसायला लागली. एक दार हळूहळू लागतंय, माझी पोर त्याच्या अलीकडे उभी आहे, आणि सगळी शहाणी माणसं मला सांगताहेत की दार उघडंच आहे.

तपासणीच्या पहिल्या तारखेला, सांगितल्याप्रमाणे, वेन्नेलाला रात्रभर जागं ठेवून नेलं. बसमध्ये तिची मान पडायची, मी हलवून उठवायचे. पोरीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिची वैरीण आहे. इस्पितळात झोपेचं औषध पाजलं. मग त्या खोलीत नेलं. भिंतींना गाद्या लावलेल्या, दार जाड, आवाज म्हणून नाही. वेन्नेलाने जमिनीला हात लावून पाहिला आणि रडायला लागली. औषधाने तिचे डोळे तांबारले, ती झिंगल्यासारखी डुलायला लागली, पण झोपली नाही. दुपारी पद्मजाने वायरी गुंडाळल्या.

दुसऱ्या तारखेलाही तेच. वर औषध ओकली, माझ्या साडीवर. डॉक्टर डोकावून म्हणाले, "रात्री जागवलं नसेल."

"जागवलं, साहेब. मीपण जागी आहे, माझे डोळे बघा."

"तुम्ही लोक सांगितलेलं करत नाही आणि मग इस्पितळाला नावं ठेवता. किती मुलं वाट बघताहेत या यंत्राची! मूल व्यवस्थित आहे. आता एकदम सहा महिन्यांनी या."

सहा महिने! दूध उतू जातंय आणि हा माणूस म्हणतोय, गॅस पुढच्या सणाला बंद करू.

मी वेन्नेलाला घेऊन त्यांच्या दारात बसले. अगदी उंबऱ्यावर. शिपाई आला.

"अम्मा, वाटेत बसू नका."

"वाटेतच बसलेय."

"लोकांना जायचंय आत."

"जाऊ देत की. ओलांडून जावं."

तुमच्याकडचं माहीत नाही, पण आमच्याकडे बसलेल्या बाईला, त्यात लेकरू मांडीवर घेतलेल्या बाईला, ओलांडून जायला कोणी धजत नाही. पेशंट दारापर्यंत यायचे, मला बघायचे आणि मागे सरायचे. एक म्हातारा तर माझ्या बाजूलाच बसला. "काय झालं, बिड्डा?" म्हणाला, लेकीला विचारावं तसं. मी सांगितलं. त्याने सगळ्या रांगेला सांगितलं. रांगेने आपसात सांगितलं. आतली घंटा वाजत राहिली आणि आत कोणी गेलं नाही.

अखेर डॉक्टर स्वतःच दारात आले. मला वाटलं ओरडतील. पण त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, "शेवटची तारीख देतो. झोपली नाही तर मी काही करू शकत नाही. खरंच नाही. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. उठताना पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हातारबाबांनी हात दिला.

तारीख तर मिळाली. झोप कुठून आणू? संध्याकाळी घरी पोचले. दिवसभर त्या मऊ गादीवर न झोपलेली पोर मी आमच्या फरशीवर ठेवली, पाणी आणायला वळले, आणि परत बघते तर ती झोपलेली. एक चप्पल पायातच. मी तिची चप्पल काढायला खाली बसले आणि तळहात फरशीवर टेकला. फरशी थरथरत होती. भिंतीपलीकडे माग चालले होते, धडक-धडक, धडक-धडक, आणि ते फरशीतून तिच्या पाठीत जात होतं.

संपाच्या दिवसांत झोपत नव्हती ती उन्हाळ्यामुळे नव्हे. माझ्या पोटात होती तेव्हापासून तिला हलत्या जमिनीची सवय होती, आणि तिला झोपवायला आम्ही नेत होतो जगातल्या सगळ्यात स्थिर खोलीत!

आता मला माग हवा होता, आणि माग इस्पितळात नेता येत नाही. पण ज्याच्या हातापायांत माग मुरलाय असा माणूस नेता येतो. तिरुपती बसल्या जागीही मांडीवर बोटांनी तोच ठेका धरतो, जेवतानासुद्धा. पण आजवर तो एकदाही इस्पितळात आला नव्हता. माग सोडून येता येत नाही, हे कारण. खरं कारण मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेले आणि त्याच्या समोर उभी राहिले. मागाच्या आवाजात बोलायचं म्हणजे हातानेच.

करीमनगरला चला, मी म्हटलं.

नाही, त्याने मान हलवली, आणि मागाकडे बोट केलं.

तुमचे हात पाहिजेत तिला झोपवायला.

अत्तम्माला ने.

शेजारच्या दोन्ही मागांवरचे कामगार आमच्याकडेच बघत होते. हाताच्या भांडणाला आडोसा नसतो, साऱ्या शेडला शब्दन् शब्द कळत होता. मी म्हटलं, भिता तुम्ही. हे मी मुद्दाम मोठ्या हाताने म्हटलं.

त्याने पाठ फिरवली. आता पाठीशी हाताने कसं भांडणार! मी पुढे झाले आणि दांडा ओढून त्याचा माग बंद केला. बाईने चालता माग बंद करणं म्हणजे जेवणाऱ्याच्या पुढचं ताट ओढणं आहे. सुताचा धोटा अर्ध्यात अडकला. तिरुपतीने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आज हात उगारतो. त्याने माझा दंड धरला आणि मला मागच्या परसात आणलं. तिथे जरा ऐकू येतं.

"डोकं फिरलंय का तुझं? मालकाने बघितलं असतं तर?"

"माग रोज चालणार आहे. तिचं वय नाही चालणार."

"तिला ऐकू येतं."

"ठीक आहे. ती बघा, बसलीय." वेन्नेला पेरूच्या झाडाखाली मातीत रेघा ओढत होती, आमच्याकडे पाठ करून. "पाय आपटायचा नाही. जवळ जायचं नाही. हात खिशात घाला आणि हाक मारा. एकदाच. वळली तर मी परत करीमनगरचं नाव काढणार नाही."

तिरुपतीने हात खिशात घातले. तोंड उघडलं. मी त्याच्या गळ्याकडे बघत होते, गाठ वर गेली आणि खाली आली. मग त्याने हात बाहेर काढले आणि शर्टाला पुसले, घाम आला होता त्यांना.

"कधी जायचंय?" तो म्हणाला.

हाक त्याने मारलीच नाही. मी त्याला टोमणा मारू शकले असते, जिभेवर आलाही होता. गिळला.

शेवटच्या तारखेला आम्ही तिघं गेलो. अत्तम्माने दहीभात बांधून दिला आणि दारात मला म्हणाली, "पोरीत काही नसेलच निघायचं. पण निघालं तर तिथे डॉक्टरशी भांडत बसू नकोस. काय करायचं ते विचारून ये." तिच्या तोंडून एवढंही मला पुष्कळ होतं.

त्या गादीच्या खोलीत पद्मजाने एक लोखंडी खाट ठेवली होती. वेन्नेलाला औषध पाजलं, खाटेवर निजवलं. ती लगेच उठून बसली आणि ओठ काढला. तिरुपती खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर बसला, दोन्ही हातांनी खाटेची दांडी धरली, आणि सुरू केलं. धडक-धडक, धडक-धडक. खाट नेमकी आमच्या फरशीसारखी थरथरायला लागली.

"अहो, काय करताय?" पद्मजा धावली. "खाट हलवायची नाही! वायरी लावायच्यात मला."

"लावा तुम्ही," मी म्हटलं. "झोपली की थांबवतील. थोडा वेळ द्या, अक्का. आमच्याकडे पाळणा असाच असतो."

वेन्नेलाने गादीवर हात पसरून ठेवला. मग दुसरा. मग बापाकडे पाहिलं, आणि आडवी झाली. तिरुपती थांबला नाही. त्याच्या मानेवरून घामाचे ओघळ आले, मनगटं लाल झाली, पण ठेका तसूभर चुकला नाही. पोरीचे डोळे मिटले, उघडले, मिटले. पद्मजा तोंडाला पदर लावून बघत होती. गाढ झोपली तसा त्याने वेग उतरवत आणला, हळू, आणखी हळू, आणि मग नुसते हात दांडीवर ठेवून बसला. वेन्नेला हलली नाही.

पद्मजाने कपाळाला, कानामागे वायरी चिकटवल्या. कानात बोंडं बसवली. समोरच्या पडद्यावर एक रेघ आली. "आवाज पोचला की इथे लाटा उठतात," ती कुजबुजली, आणि मग स्वतःशीच हसली, की आपण कुजबुजतोय कशाला.

तिने आवाज सोडला. रेघ सपाट. वाढवला. सपाट. आणखी वाढवला. आता वेन्नेलाच्या कानातल्या बोंडातून तो आवाज बाहेर झिरपायला लागला, टक-टक-टक-टक, मला लांब उभी असून ऐकू यायला लागला. आणखी वाढवला. तिरुपतीने मान आखडली. त्याच्या मागांनी निम्मे केलेल्या कानांनाही तो टोचत होता. आणि त्या आवाजाच्या आत, अगदी आत, माझी पोर तोंड अर्धवट उघडं टाकून झोपली होती. रेघ तरीही दोऱ्यासारखी सरळ.

दुसरा कानही तसाच निघाला.

पद्मजाने डॉक्टरांना बोलावलं. ते आले, त्यांनी पडदा पाहिला, आधीच्या रेघाही पुन्हा पाहिल्या. या वेळी त्यांना घाई नव्हती. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"अम्मा, तुम्ही म्हणत होता तेच आहे. दोन्ही कानांनी जवळपास काहीच नाही. मी... आधी ऐकायला हवं होतं तुमचं. वाईट वाटून घेऊ नका."

मला काय वाटलं ते खरं सांगते. आधी मला बरं वाटलं. मी वेडी नव्हते. आणि लगेच त्या बरं वाटण्याची शिसारी आली. गेले कित्येक महिने मी माझी मुलगी बहिरी आहे हे सिद्ध करायला जिवाचं रान करत होते. जिंकले होते. असलं जिंकणं कुणाच्या वैऱ्यालाही नको.

"वाईट नंतर वाटून घेईन, साहेब," मी म्हटलं. "पुढे काय करायचं ते सांगा."

ते सांगायला लागले. आधी कानाचं माप घेऊन यंत्रं, मग बोलायचं शिक्षण, त्यावर बघून हैदराबादला ऑपरेशनसाठी कागद. तिरुपती ऐकत नव्हता. तो अजून खाली बसला होता.

"स्वरूपा," तो म्हणाला. सगळ्यांसमोर नावाने हाक मारली त्याने मला. "ती पोटात असताना मी रोज तिच्याशी बोलायचो. आठवतं? झाल्यावरही. निजवताना, अंघोळ घालताना. किती काय काय बोललो मी तिच्याशी."

मला त्याच्याजवळ बसायचं होतं, त्याचं डोकं पोटाशी धरायचं होतं. पण डॉक्टर घड्याळ बघत उठत होते.

"मापाची तारीख पद्मजा देईल. पुढच्या महिन्यात..."

"आज," मी म्हटलं.

"आज मापाचं नसतं, अम्मा. आणि मूल जागं झालं की कानात हात लावू देत नाही, वेगळी तयारी..."

"म्हणूनच म्हणतेय. आत्ता झोपली आहे. आत्ता घ्या. परत झोपवायचं तर आम्हाला अख्खी गल्ली उचलून आणावी लागेल."

डॉक्टरांनी पद्मजाकडे पाहिलं. पद्मजा आधीच कपाट उघडत होती. तिने कानाच्या साच्यासाठी वाटीत गुलाबी लगदा कालवला, वेन्नेलाचा कान हळूच वर ओढला आणि पिचकारीने तो आत भरायला लागली. लगदा गार असावा. वेन्नेलाच्या भुवया आक्रसल्या, पाय हलला, आता उठते असं वाटलं.

तिरुपतीने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि दोन्ही हातांनी खाटेची दांडी पुन्हा धरली.

"हळू," पद्मजा म्हणाली. "एकदम हळू."

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि त्याने सुरू केलं.